गुरूच्या ढगांत एक तास

बारा वर्षांतून एकदां गुरु सिंह राशींत येतो आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरीं सिंहस्थाचें पर्व सुरू होतें. तेथून तो कन्या राशींत शिरला म्हणजे कृष्णाकांठीं कन्यागताचा मेळा लोटतो. पंचांगाच्या द्वारें महाराष्ट्रांतील घरोघरीं या ग्रहाची ओळख आहे, आणि गुरुबळ पाहिल्यावांचून मंगलकार्य ठरवूं नये असें मानणारे लोक आजही पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या चालीवर एवढीं पर्वें अवलंबून, तो गुरु स्वतः कसा आहे? दुर्बिणींतून त्याच्या अंगावर दिसणारे ते पट्टे कशाचे? त्या पट्ट्यांच्या आंत शिरलें तर काय आढळेल? हें पाहून येण्यासाठीं मनुष्यानें आजवर एकदांच आपला दूत गुरूच्या वातावरणांत हवाई छत्रीनें उतरविला. तो दिवस ७ डिसेंबर १९९५ हा होय. त्या दूतानें सुमारें एक तास निरोप पाठविला आणि नंतर तो कायमचा मुका झाला. त्या एका तासानें शास्त्रज्ञांपुढें असें एक कोडें टाकलें कीं, त्याचा उलगडा होऊं लागण्यास पुढें जवळजवळ पंचवीस वर्षें लागलीं.

गुरूच्या बाबतींत ‘उतरणें’ हा शब्दप्रयोगच मुळीं जपून करावा लागतो, कारण उतरावयास तेथें जमीन नाहीं. त्याचा विषुववृत्तावरील व्यास सुमारें १,४३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरापट आहे, आणि वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. एवढा अवाढव्य गोळा दहा तासांहूनही कमी वेळांत स्वतःभोंवतीं एक फेरी पुरी करितो. त्याचें शरीर मुख्यत्वें हायड्रोजन व हेलियम या दोन हलक्या वायूंचें बनलेलें आहे. जसजसें खालीं जावें तसतसा वायु दाबला जाऊन घट्ट होत जातो आणि द्रवासारखा वागूं लागतो. पण येथें हवा संपली आणि येथें समुद्र सुरू झाला, अशी सीमारेषा कोठेंच लागत नाहीं. फार खोल गेल्यावर दाब इतका प्रचंड होतो कीं, हायड्रोजनही एखाद्या धातूप्रमाणें विजेचा वाहक बनतो. तेव्हां आपण ज्याला गुरूचें अंग म्हणतों तें वस्तुतः त्याच्या ढगांचें पांघरूण होय. त्यांतील फिकट आणि काळसर पट्टे विषुववृत्ताला समांतर धांवतात आणि त्यांच्या कांठांनीं वारे आळीपाळीनें पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाहतात. त्यांच्यामध्यें जो तांबडा डाग दिसतो तें पृथ्वीहूनही मोठें असें एक वादळ आहे, आणि दीडशें वर्षांहून अधिक काळ तें अखंड घोंगावत असलेलें पाहिलें गेलें आहे.

हे ढग कशाचे, हा प्रश्न फार जुना आहे. १९३२ सालीं रूपर्ट विल्ट या जर्मन ज्योतिःशास्त्रज्ञानें गुरूपासून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटांतील काळ्या पट्ट्यांचा अर्थ लावला आणि तेथें अमोनिया व मिथेन हे वायु असल्याचें दाखविलें. पुढें उष्णतामान व दाब यांचे हिशेब मांडून ढगांचे तीन थर कल्पिले गेले. सर्वांत वर गोठलेल्या अमोनियाचे पांढरे ढग. त्यांच्या खालीं अमोनिया व गंधकाचा वायु यांच्या संयोगानें झालेल्या क्षाराचे ढग. आणि पृथ्वीवरील हवेच्या पांचपट दाब असेल अशा खोलीवर पाण्याचे व बर्फाचे ढग. यांपैकीं वरचा थर तेवढा डोळ्यांस दिसतो. खालचे दोन्ही केवळ तर्कानें जाणलेले होते.

या तिन्हींत पाण्याच्या थराला विशेष महत्त्व आहे. पृथ्वीवर समुद्राच्या पाण्याची वाफ वर जाते, तिचें पाणी होतांना तिच्यांतील उष्णता मोकळी होते आणि त्या उष्णतेवर वादळें पोसलीं जातात. गुरूवरील गडगडाटी वादळांचें इंधनही पाणीच असलें पाहिजे असें मानलें जात होतें. दुसरें कारण याहून खोल आहे. सूर्यमालेंतील सर्व ग्रहांत गुरु बहुधा सर्वांच्या आधीं जन्मास आला. सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या वायूच्या व धुळीच्या चकतींतून त्यानें हायड्रोजन ओढून घेतला, आणि त्याबरोबर बर्फाचे असंख्य गोळेही गिळले. हायड्रोजन व हेलियम यांच्या खालोखाल विश्वांत प्राणवायूचें प्रमाण अधिक आहे, आणि गुरूवरचा प्राणवायु पाण्याच्या रूपानेंच राहिलेला असणार. म्हणून गुरूवर पाणी किती आहे हें कळलें तर तो कोठें व कशापासून जन्मला याची खरीखुरी कुंडली मांडतां येईल, अशी ज्योतिःशास्त्रज्ञांची उमेद होती.

या कामासाठीं अमेरिकेनें ‘गॅलिलिओ’ नांवाचें यान तयार केलें. १८ ऑक्टोबर १९८९ रोजीं ‘अटलांटिस’ या अवकाशनौकेंतून तें निघालें. सरळ गुरूपर्यंत नेईल एवढी शक्ति त्याच्यामागें नव्हती. म्हणून १९९० च्या फेब्रुवारींत शुक्राजवळून, आणि १९९० व १९९२ या दोन्ही सालांच्या डिसेंबरांत पृथ्वीजवळून त्याला नेण्यांत आलें. गोफण फिरवून दगड भिरकवावा तसा या ग्रहांच्या आकर्षणानें त्याला वेग दिला. वाटेंत संकटें आलींच. एप्रिल १९९१ मध्यें यानाची मोठी, छत्रीसारखी मिटलेली अँटेना उघडण्याची आज्ञा झाली; पण तिच्या कांहीं काड्या अडकून बसल्या आणि ती पुरती उघडलीच नाहीं. पुढील सर्व संदेश एका लहानशा अँटेनावरून अत्यंत मंद गतीनें पाठविणें भाग पडलें. माहिती आधीं यानावरच्या फितीवर सांठवावयाची आणि मग कित्येक आठवडे थोडीथोडी करून पृथ्वीकडे धाडावयाची, असा क्रम ठरला.

या यानाच्या पोटांत तो दूत होता: ३३९ किलोग्रॅम वजनाची, शंकूच्या आकाराची एक पेटी. तिला स्वतःचें इंजिन नव्हतें, मार्ग बदलण्याचें साधन नव्हतें, आणि पृथ्वीवरून तिला आज्ञाही देतां येत नव्हती. १३ जुलै १९९५ रोजीं यानानें नेम धरून तिला सोडून दिलें. पुढचे पांच महिने ती पेटी आठ कोटि किलोमीटरांची वाट निमूटपणें कापीत राहिली. आंतील एक घड्याळ तेवढें चालू होतें. गुरूच्या वातावरणांत शिरण्यापूर्वीं सहा तास त्यानें बाकीच्या यंत्रांस जागें करावयाचें होतें. वातावरणांत शिरण्याचा कोन मोठा झाला तर पेटी जळून जावयाची; लहान झाला तर तळ्याच्या पाण्यावरून चिपटा दगड उडत जातो तशी ती वरच्या वर निसटून जावयाची. पांच महिने आधीं धरलेला नेम चुकला कीं बरोबर लागला, हें शेवटच्या क्षणापर्यंत कोणालाही कळण्याचा मार्ग नव्हता.

त्यांतच ११ ऑक्टोबर १९९५ रोजीं, म्हणजे ऐन प्रसंगाला दोन महिनेही उरले नसतां, यानावरची फीत अडकली. ती पुनः चालू झाली खरी, पण तिच्यावरचा विश्वास उडाला. गुरूजवळ पोंचण्याच्या दिवशींच यान आयो या ज्वालामुखींनीं भरलेल्या उपग्रहाच्या अगदीं जवळून जावयाचें होतें, आणि त्याचीं छायाचित्रें घेण्याची शास्त्रज्ञांनीं कित्येक वर्षें वाट पाहिली होती. परंतु फितीवर जादा ताण पडून ती तुटली असती तर दूताचा निरोपही गेला असता. शेवटीं आयोच्या छायाचित्रांवर पाणी सोडण्याचें ठरलें. आयो पुढेंही तेथेंच राहणार होता, आणि १९९९ सालीं यान त्याच्याजवळ पुनः गेलेंही; पण दूताचा तो एक तास पुनः यावयाचा नव्हता.

७ डिसेंबर रोजीं पेटी गुरूच्या वातावरणांत शिरली. तिचा वेग सेकंदाला सुमारें ४७ किलोमीटर होता. त्या वेगानें मुंबईहून पुण्यास जाण्यास तीन सेकंदही पुरे. पुढ्यांतील वायु दबून इतका तापला कीं, त्याचें उष्णतामान सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहूनही अधिक झालें. पेटीचें रक्षण करण्यासाठीं पुढें जी ढाल बसविली होती तिचा निम्म्याहून अधिक भाग त्या भट्टींत जळून गेला. वेग एकाएकीं कमी होतांना बसलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २२८ पट होता, म्हणजे आंतील प्रत्येक किलोग्रॅमाला क्षणभर २२८ किलोग्रॅमांचा भार आला. तरीही आंतील यंत्रें शाबूत राहिलीं. हवाई छत्री ठरल्या वेळेपेक्षां ५३ सेकंद उशिरां उघडली. तेवढ्या विलंबामुळें वरच्या थरांतील कांहीं मापें हातचीं गेलीं. नंतर ढालीचा अवशेष गळून पडला आणि पेटी छत्रीला लोंबकळत हळूहळू खालीं जाऊं लागली. दोन लाखांहून अधिक किलोमीटर वरून मुख्य यान तिचा क्षीण आवाज टिपून घेत होतें.

आंत सहा यंत्रें होतीं. एक उष्णतामान व दाब मोजीत होतें, दुसरें वायूंचे रेणु निरनिराळे करून त्यांचें वजन पाहात होतें, तिसरें केवळ हेलियमचें प्रमाण ठरवीत होतें. चौथें प्रकाशाचा किरण टाकून ढगांतील कण शोधीत होतें, पांचव्याचें काम सूर्याची आणि ग्रहाची उष्णता मोजण्याचें होतें, आणि सहावें विजेच्या कडकडाटाची बिनतारी चाहूल घेत होतें. जेथें दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीवरील हवेएवढा आहे तेथें उष्णतामान शून्याखालीं शंभर अंशांहून अधिक होतें. पण खालीं जातां जातां तें वाढत गेलें. पेटी मुळांत दहा वातावरणांच्या दाबापर्यंत टिकावी अशा हिशेबानें बांधलेली होती; ती बावीस वातावरणांच्या दाबापर्यंत बोलत राहिली. समुद्रांत दोनशें मीटरांहून खोल बुडी मारावी तेवढा हा दाब. तेथें उष्णतामान सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढलें होतें. मग संदेश थांबला. पेटी त्यानंतरही कांहीं तास खालीं जात राहिली असावी. हिशेबाप्रमाणें प्रथम छत्री वितळली, मग ॲल्युमिनियमचे भाग, आणि सर्वांत शेवटीं टिटॅनियमचा सांगाडा.

जानेवारी १९९६ मध्यें पहिले निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हां सर्वच चकित झाले. ढगांचे तीन दाट थर ओलांडावयाचे होते. यंत्रांना कांहीं विरळ पापुद्र्यांखेरीज दाट ढग लागलेच नाहींत. १९७९ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांनीं गुरूच्या रात्रीच्या बाजूस विजा चमकतांना पाहिल्या होत्या. येथें जवळपास एकही वीज आढळली नाहीं, फक्त हजारों किलोमीटर दूरच्या विजांची क्षीण कुजबूज ऐकूं आली. आणि पाणी? सूर्याच्या घटकांत प्राणवायूचें जें प्रमाण आहे त्या मानानें हिशेब केला तरी जेवढें पाणी सांपडावयास हवें, त्याच्या निम्मेंही सर्वांत खोल ठिकाणीं सांपडलें नाहीं. अपेक्षा तर त्याच्या कित्येक पट पाण्याची होती. मग गुरु कोरडा आहे काय? त्याच्या जन्माविषयीं मांडलेले सर्व सिद्धांत चुकले काय?

या शंकेचें उत्तर पृथ्वीवरच्या दुर्बिणींनीं कांहीं अंशीं दिलें. पेटी जेथें शिरली त्या जागेचीं, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेसहा अंशांवरचीं, उष्णकिरणांचीं चित्रें त्या सुमारास घेतलेलीं होतीं. गुरूच्या त्या पट्ट्यांत कांहीं ठिकाणीं ढगांना भगदाडें पडलेलीं असतात आणि त्यांतून आंतील उष्णता बाहेर येते. अशा जागा गुरूच्या एकंदर पृष्ठाच्या एक टक्काही नसतील. आणि पांच महिने आधीं धरलेला नेम लागला तो नेमका अशाच एका भगदाडाच्या कांठाशीं!

महाराष्ट्रांतल्या माणसाला यांतील मर्म समजावयास कठीण नाहीं. आषाढांत महाबळेश्वरास पावसाची झड लागलेली असते, आणि घाट उतरून पूर्वेस कांहीं कोस गेलें कीं माणदेशांतील शेतकरी कोरड्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. डोंगर चढतांना हवेनें आपलें पाणी टाकून दिलेलें असतें. पलीकडे खालीं उतरतांना तीच हवा तापते आणि कोरडी होते. एखादा परका मनुष्य आषाढांतील एका दुपारीं छत्री घेऊन माणदेशांत उतरला आणि तासाभरांत परत गेला, तर महाराष्ट्रांत पाऊस पडत नाहीं असेंच तो सांगेल. त्याचें माप खोटें नसतें. त्यावरून काढलेलें अनुमान तेवढें खोटें ठरतें. गुरूवर डोंगर नाहींत. पण तेथेंही वातावरणाच्या प्रचंड लाटांबरोबर कोरडी हवा कांहीं ठिकाणीं खोलवर खालीं उतरते, आणि पेटी अशाच हवेंतून खालीं गेली असावी. पाण्याचें प्रमाण शेवटपर्यंत हळूहळू वाढतच होतें, हा त्याला मिळालेला पुरावा होय.

तरीही त्या तासाचें फळ लहान नव्हतें. हेलियमचें प्रमाण मूळच्या सूर्यद्रव्यांतील प्रमाणापेक्षां थोडें कमी आढळलें आणि निऑन तर सूर्याच्या मानानें सुमारें एकदशांशच निघाला. गुरूच्या खोल गर्भांत हेलियमचे थेंब बनून ते पावसासारखे खालीं पडत असावेत आणि निऑन त्यांत विरघळून त्यांच्याबरोबर जात असावा, या कल्पनेला त्यामुळें बळकटी आली. आर्गॉन, क्रिप्टॉन व झेनॉन हे जड वायु मात्र सूर्याच्या मानानें दोन ते तीनपट निघाले. हे वायु बर्फांत अडकून राहावयाचे तर अतिशय कडक थंडी लागते. ती गुरूच्या आजच्या जागीं होती, कीं तें बर्फ आणखी दुरून आलें, हा वाद त्या मापांतूनच उभा राहिला. वाऱ्याचा वेग खालीं जातांना मंदावला नाहीं. तो वाढला आणि तसाच टिकला. यावरून गुरूचे वारे केवळ वरवरच्या उन्हानें हलणारे नसून त्यांचें मूळ खोल आहे, असें दिसूं लागलें.

पाण्याचें कोडें सोडविण्यासाठीं दुसरी युक्ति काढावी लागली. एका ठिकाणीं खोल उतरण्याऐवजीं सर्व ग्रहावरून फिरत वरूनच आंत डोकवावयाचें, असें ठरलें. ‘जुनो’ हें यान ५ ऑगस्ट २०११ रोजीं निघालें आणि जुलै २०१६ मध्यें गुरूच्या ध्रुवांवरून फिरणाऱ्या कक्षेंत शिरलें. गुरूच्या खोल थरांतून आपोआप बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म बिनतारी लहरी मोजण्याचीं साधनें त्यावर होतीं. कांहीं लहरी वरच्या थरांतून येतात, तर कांहीं शेंकडों किलोमीटर खोलवरून. वाटेंत अमोनिया व पाणी त्यांना किती अडवितात यावरून त्यांचा सांठा कळतो.

या मापांनीं एक जुना समज मोडून काढला. ढगांच्या खालीं गेलें कीं हवा सर्वत्र ढवळून एकजीव झालेली असेल, म्हणून एका जागीं घेतलेला नमुना सर्व ग्रहाला लागू पडेल, असें धरूनच १९९५ ची मोहीम आंखलेली होती. जुनोनें दाखविलें कीं, विषुववृत्ताजवळचा भाग सोडला तर अमोनिया ढगांखालीं फार खोलवर विरळच आहे. याचें कारण २०२० सालीं असें सुचविण्यांत आलें कीं, वादळें बर्फाचे कण फार उंच उडवितात, तेथें अमोनिया त्यांना विरघळवितो, आणि पाणी व अमोनिया यांच्या मऊ गारा बनून त्या खोलवर जाऊन पडतात. अशा रीतीनें गुरूचा पाऊस वरचे थर सतत कोरडे करीत असतो. त्याच वर्षीं विषुववृत्ताजवळील पाण्याचें मापही प्रसिद्ध झालें. तेथील रेणूंपैकीं सुमारें पाव टक्का रेणु पाण्याचे आहेत, म्हणजे सूर्याच्या मानानें प्राणवायु जवळजवळ तीनपट आहे. गुरु कोरडा नाहीं. कोरडी होती ती एक जागा. गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म मापांवरून पट्ट्यांतील वारे सुमारें ३,००० किलोमीटर खोलवर पोंचतात असेंही सिद्ध झालें. त्या मानानें पेटीनें केलेला दीडशें किलोमीटरांचा प्रवास म्हणजे समुद्राच्या पाण्यांत बुडविलेलें बोटाचें अग्रच म्हणावें लागेल.

गॅलिलिओ यान पुढें आठ वर्षें गुरूभोंवतीं फिरत राहिलें. त्याचें इंधन संपत आलें तेव्हां युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखालील समुद्राला त्याचा संसर्ग होऊं नये म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजीं तेंही गुरूंतच बुडविण्यांत आलें. वायूच्या राक्षसी ग्रहांत छत्रीनें उतरलेली दुसरी पेटी मात्र अद्यापि झालेली नाहीं. युरेनसकडे यान पाठवून त्याच्या वातावरणांत अशीच एक पेटी सोडावी, अशी शिफारस अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं केली आहे. ती पेटी जेव्हां जाईल तेव्हां तिच्या मापांचा अर्थ लावतांना १९९५ चा धडा कोणी विसरणार नाहीं. एका जागीं, एका तासांत सांपडलेलें सत्य हें सत्यच असतें. परंतु सबंध ग्रहाचें सत्य सांगण्यासाठीं त्याच्या शेजारीं दुसरें माप ठेवावें लागतें, आणि तें मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. पुढच्या सिंहस्थांत गोदावरीच्या घांटावरून रात्रीं कोणी सिंह राशीकडे दृष्टि टाकील, तेव्हां तेथें स्थिरपणें तेवणाऱ्या त्या टपोऱ्या ग्रहाच्या वायूंत माणसानें घडविलेल्या एका पेटीचे कण मिसळलेले आहेत, हेंही त्यानें आठवावें.